कण्याचं खालचं टोक : मधुमेही आईच्या बाळाचं एक प्रकरण

प्रकरणातल्या बाईंचं वय ३१, पहिलंच गरोदरपण. टाइप २ मधुमेहाचं निदान चार वर्षांपूर्वी झालेलं, तेव्हापासून मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखरेच्या गोळ्या चालू. गरोदरपणाआधीच्या वर्षभरात एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी, तपासलेलं नव्हतं. पाळी चुकल्यावर घरीच चाचणी केली, मग कामाच्या गडबडीत दोनतीन आठवडे गेले आणि डॉक्टरांकडे पोचेपर्यंत नववा आठवडा लागला. त्या दिवशीचं एचबीएवनसी ९.८ टक्के. लगेच इन्सुलिन सुरू झालं. बाईंनी ग्लुकोमीटरची वही अशी ठेवली की पुढच्या दोन महिन्यांत तिच्यात खोड काढायला जागा नव्हती : उपाशीपोटी ९५च्या आत, जेवणानंतर तासाने १४०च्या आत. विसाव्या आठवड्यात एचबीएवनसी ६.४वर आलं. त्याच आठवड्यातल्या अनॉमली स्कॅनमध्ये, म्हणजे बाळातले दोष शोधणाऱ्या सोनोग्राफीत, बाळाचा कणा कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी संपलेला दिसला.

हे एका विशिष्ट कुटुंबाचं टिपण नाही. या निदानात जे पुन्हा पुन्हा दिसतं ते एकत्र करून बेतलेलं हे प्रातिनिधिक प्रकरण आहे. आकडे आणि घटनाक्रम असे घेतले आहेत की दोषाची सगळी साखळी त्यातून उलगडावी.

दोषाचं नाव कॉडल रिग्रेशन सिंड्रोम. सेक्रल एजेनेसिस असंही म्हणतात, म्हणजे त्रिकास्थी अंशतः किंवा पूर्णपणे नसणं. त्रिकास्थी हे कमरेखालचं त्रिकोणी हाड, ज्याच्या टोकाला माकडहाड असतं आणि ज्याच्या दोन्ही बाजूंना खुब्याची पसरट हाडं जोडलेली असतात. काही बाळांत फक्त माकडहाड आणि त्रिकास्थीचा खालचा तुकडा नसतो, आणि ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. काहींत कमरेचे मणकेही नसतात, क्वचित पाठीच्या मणक्यांपर्यंत पोकळी जाते. सर्वसाधारण लोकसंख्येत लाख जन्मांमागे एक ते अडीच इतका हा दुर्मीळ दोष. गर्भधारणेआधीपासून मधुमेह असलेल्या आयांच्या बाळांत मात्र त्याचं प्रमाण साधारण ३५०त एक असं सांगितलं जातं, म्हणजे जवळजवळ दोनशे पट. उलट बाजूने पाहिलं तर असा दोष असलेल्या बाळांपैकी १५ ते २५ टक्क्यांच्या आयांना मधुमेह असतो. मधुमेहाशी इतकं घट्ट नातं असलेला जन्मजात दोष दुसरा नाही. तरी मधुमेही आयांच्या बाळांत सर्वाधिक आढळणारे दोष हृदयाचे आणि मज्जानलिकेचे (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात त्या नळीचे) असतात, हा दोष त्यांच्या मानाने विरळाच. आणि ३५०त एक याचा अर्थ उरलेल्या ३४९ बाळांत तो नसतो, हेही त्याच दमात सांगायला हवं.

स्कॅनवर काय होतं

सोनोग्राफीत मणके मोजायचे तर बारावी बरगडी जिथे लागते तिथून खाली यायचं. या बाळात बरगडीनंतर तीन मणके दिसले आणि पुढे काहीच नाही. कणा निमुळता न होता एकदम तुटल्यासारखा थांबला होता. आडव्या छेदात खुब्याची दोन्ही हाडं एकमेकांना चिकटल्यासारखी जवळ होती, कारण त्यांना दूर ठेवणारी त्रिकास्थी मध्ये नव्हती. मांड्या बाहेर फाकलेल्या, गुडघे दुमडलेले, पावलं आत वळलेली, असं बाळ मांडी घालून बसल्यासारखं. अर्धा तास पाहूनही गुडघ्याखाली हालचाल दिसली नाही. नितंबाच्या सांध्यात मात्र अधूनमधून थोडी होती.

जे दिसलं नाही तेही निदानाला तितकंच महत्त्वाचं होतं. डोक्याचा आकार नेहमीचा, लहान मेंदू जागेवर, मेंदूत पाणी साचलेलं नाही. पाठीवरची त्वचा अखंड. उघड्या स्पायना बिफिडात, म्हणजे पाठीवर कणा न मिटता उघडा राहतो त्या दोषात, कपाळाच्या दोन्ही बाजू आत दबलेल्या दिसतात आणि लहान मेंदू खाली ओढला जातो, त्यातलं इथे काही नव्हतं. दोन्ही मूत्रपिंडं होती, मूत्राशय भरत होतं, गर्भजल पुरेसं, किंचित जास्तच. नाळेत तीन रक्तवाहिन्या. सिरेनोमेलियाची, म्हणजे दोन्ही पाय जोडलेल्या बाळाची, शंका या शेवटच्या गोष्टींनी फिटली. त्यात मूत्रपिंडं बहुधा नसतात, गर्भजल जवळपास आटलेलं असतं आणि नाळेत एकच धमनी असते. पूर्वी सिरेनोमेलियाला याच दोषाचं टोकाचं रूप मानत. १९६१ साली दुहामेल यांनी गुदद्वार बंद असण्यापासून सिरेनोमेलियापर्यंत सगळं एकाच सूत्रात गुंफलं होतं. आता बहुतेक तज्ज्ञ सिरेनोमेलियाला वेगळं धरतात.

आईच्या रक्तातल्या अल्फा फिटोप्रोटीनची चाचणी सोळाव्या आठवड्यात झाली होती आणि ती नॉर्मल होती. त्या कागदामुळे घरचे निर्धास्त होते. पण ही चाचणी उघड्या दोषांसाठी असते. त्वचेने झाकलेल्या दोषातून ते प्रथिन गर्भजलात झिरपत नाही, म्हणून आकडा वाढायचं कारणच नव्हतं. दुहेरी चाचणी, तिहेरी चाचणी असे रिपोर्ट हातात आले की लोक त्यांना बाळाच्या तब्येतीचं एकत्रित प्रमाणपत्र समजतात आणि समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो.

आणखी एक कागद मागे वळून बघण्याजोगा होता : बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी. बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी पाळीच्या तारखेच्या हिशेबाने सहा दिवसांनी कमी भरली होती. 'पाळीची तारीख नीट आठवत नसेल' म्हणून प्रसूतीची तारीख पुढे ढकलली गेली. एरवी हेच करतात आणि ते योग्यही असतं. पण या बाईंची पाळी नियमित होती, तारीख मोबाइलमध्ये नोंदलेली होती. कण्याचं टोकच नसेल तर ही लांबी कमी भरणार. आईला आधीपासून मधुमेह असेल, पाळीची तारीख पक्की असेल आणि लांबी कमी भरत असेल, तर तारीख बदलण्याआधी प्रोब कण्याच्या खालच्या टोकावर फिरवावा. बाराव्या आठवड्यात निदान पक्कं होईलच असं नाही, कारण खालचे मणके त्या वयात हाडाळलेले नसतात. पण सोळाव्या आठवड्यात पुन्हा बोलवायला तेवढी शंका पुरते.

गर्भजलाच्या तपासणीत गुणसूत्रं व्यवस्थित निघाली. कुरारिनो सिंड्रोम या आनुवंशिक प्रकाराचा विचार झाला. तो ७व्या गुणसूत्रावरच्या एमएनएक्स१ जनुकातल्या बदलाने होतो आणि पालकांपैकी एकाकडून अपत्याकडे जाऊ शकतो. पण त्यात त्रिकास्थीचा पहिला मणका सहसा शाबूत असतो, खालचा भाग कोयत्यासारखा वाकडा दिसतो, आणि सोबत गुदाशयाचा अरुंदपणा किंवा त्रिकास्थीपुढची गाठ असते. इथे कमरेचेही खालचे दोन मणके नव्हते आणि घराण्यात बद्धकोष्ठ, लघवीचे त्रास असं काही नव्हतं. गर्भाच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जू नेहमीपेक्षा वर, पाठीच्या अकराव्या मणक्यापाशी, टोक छाटल्यासारखा बोथट संपलेला दिसला. या बोथट टोकाचं महत्त्व जन्मानंतर कळतं, ते पुढे येईल.

तारखांचा हिशेब

आईचा पहिला प्रश्न होता, "नऊ आठवड्यांनंतर माझी साखर एकदाही वर गेली नाही. मग हे झालं कसं?"

याचं उत्तर कॅलेंडरवर आहे. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे गर्भ प्रत्यक्षात दोन आठवड्यांनी लहान असतो. पाळी चुकल्याचं लक्षात येतं तेव्हा हिशेबाने चार आठवडे झालेले असतात आणि गर्भ दोन आठवड्यांचा. पुढच्या दोन आठवड्यांत, म्हणजे हिशेबाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात, शरीराचा आराखडा पडतो. सपाट चकतीसारख्या गर्भात तिसरा, मधला थर तयार होतो. त्यातून मणक्यांचे पूर्वज असलेले सोमाइट एकामागून एक बनतात, डोक्याकडून शेपटीकडे. मज्जानलिकेचं खालचं तोंड मिटतं ते गर्भ साधारण २७-२८ दिवसांचा असताना. त्याखालच्या टोकाशी पेशींचा एक पुंजका उरतो, त्यातून मज्जारज्जूचं शेवटचं टोक आणि त्रिकास्थीचा भाग घडतो. वरून खाली विणत आणलेल्या स्वेटरची लोकर शेवटच्या काही ओळींआधी संपावी, तसं या टोकाचं होतं : वरचं सगळं नीट, खालचं नाही. मूत्राशय, गुदाशय आणि पायांच्या नसा याच भागातून आणि याच सुमारास घडत असतात, म्हणून हाडांसोबत तेही अडकतात.

मधुमेही मातांच्या बाळांतले दोष सातव्या आठवड्याआधीच घडतात, हे मिल्स आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडलं आणि ते आजही टिकून आहे. या बाईंच्या बाबतीत इन्सुलिनची पहिली सुई नवव्या आठवड्यात टोचली गेली. दोष त्याच्या तीनेक आठवडे आधी घडून गेला होता. नवव्या आठवड्याचं ९.८ हे एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, म्हणजे नेमका गर्भधारणेच्या आसपासचा काळ. तो आकडा त्या पाचव्या-सहाव्या आठवड्याची साक्षच आहे.

जास्त साखर टोकाच्या पेशींना नेमकी कशी बाधते याची बरीचशी माहिती प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आलेली आहे. साखर वाढली की भ्रूणाच्या पेशींत ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो. त्या वयात या ताणाला तोंड देणारी यंत्रणा पुरती तयार नसते. उंदरांत यामुळे पॅक्स३ या नियंत्रक जनुकाचं काम मंदावतं आणि मज्जानलिकेच्या पेशी मरतात, असं दिसलं आहे. माणसातही बीज तेच असावं असं मानलं जातं. पण प्रत्येक जास्त साखरेच्या गर्भात हे होत नाही. अनुवंशाचा वाटा किती, रक्तपुरवठ्याचा किती, याची गणितं अजून सुटलेली नाहीत.

दुसरा प्रश्न औषधांचा होता, आणि तो घरच्यांनीच आधी विचारला. गोळ्यांमुळे झालं का? मेटफॉर्मिनमुळे जन्मजात दोष वाढतात असं पुराव्यात दिसत नाही. मग इन्सुलिन? इथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४५ साली लँडाउअर यांनी कोंबडीच्या अंड्यांत इन्सुलिन टोचलं आणि पिल्लं शेपटीच्या मणक्यांशिवाय निघाली. त्या प्रयोगामुळे इन्सुलिनवर संशय घेतला गेला. पण अंड्यात टोचलेलं औषध थेट भ्रूणाला मिळतं. स्त्रीने घेतलेलं इन्सुलिन वार ओलांडून बाळापर्यंत जवळजवळ पोचत नाही. साखर मात्र सहज पोचते. शिवाय या प्रकरणात इन्सुलिन सुरू झालं तेव्हा कण्याचं काम उरकलेलं होतं.

तिसरा प्रश्न, चूक आईची का हा, कुणी मोठ्याने विचारला नाही, पण तो खोलीत होता. तेव्हा तो न विचारताच त्याचं उत्तर दिलं : "तुम्ही नवव्या आठवड्यापासून जे केलंत त्याचा उपयोग झालाच आहे. बाळ अवाजवी मोठं झालेलं नाही, गर्भजल बेसुमार वाढलेलं नाही, पोटातच दगावण्याचा धोका कमी झाला आहे. जे झालं ते तुम्हाला कुणी काही सांगायच्या आधी झालं."

हे शेवटचं वाक्य सांत्वनासाठी नव्हतं. चार वर्षांची फाइल समोर होती. दर तीन महिन्यांच्या भेटीत साखर, रक्तदाब, वजन लिहिलेलं. डोळ्यांचा पडदा तपासलेला, पायांची संवेदना तपासलेली, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन लावलेलं. पण मूल कधी हवंय, सध्या गर्भनिरोधक काय वापरता, हे एकाही पानावर नव्हतं. लग्न झालेल्या, तिशीतल्या, मधुमेही स्त्रीच्या फाइलमध्ये हा रकाना रिकामा राहतो याला मी उपचारातली उणीव म्हणेन. मधुमेहाच्या दवाखान्यात हा विषय स्त्रीरोगतज्ज्ञांचा समजतात, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे ती पोचते तेव्हा दिवस राहून गेलेले असतात. दोघांच्या मधल्या फटीत हा पाचवा-सहावा आठवडा पडतो.

इथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. गरोदरपणात पहिल्यांदाच उद्भवणारा आणि २४ ते २८ आठवड्यांच्या चाचणीत सापडणारा मधुमेह हा दोष घडवत नाही, कारण तोवर कणा कधीच तयार झालेला असतो. अपवाद एकच : ज्यांना गरोदरपणातला मधुमेह असं लेबल लागतं, पण प्रत्यक्षात टाइप २ आधीपासून होता आणि कुणी तपासला नव्हता. पहिल्याच भेटीत साखर आणि एचबीएवनसी पाहण्याचा आग्रह असतो तो हे लपलेले मधुमेह उघड व्हावेत म्हणून.

निर्णय

बाळाची बुद्धी या दोषात सहसा नॉर्मल असते. पाय कितपत चालतील हे किती मणके नाहीत यावर बरंचसं अवलंबून असतं. लघवी आणि शौचावरचा ताबा मात्र जवळजवळ सगळ्यांत बिघडतो, अगदी ज्यांची फक्त अर्धी त्रिकास्थी नाही त्यांच्यातही. या तिन्ही गोष्टी आईवडिलांपुढे एकाच बैठकीत, याच क्रमाने ठेवल्या गेल्या. गर्भपात कुठवर करता येतो हे त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर असतं, आणि तो पर्याय सांगणं डॉक्टरचं कर्तव्य आहे. कुठल्या बाजूला झुकवायचं हे नाही. मुलांच्या मूत्रविकारतज्ज्ञांशी आणि अस्थिरोगतज्ज्ञांशी त्यांची वेगळी भेट झाली. आठवड्याभराने त्यांनी गरोदरपण पुढे न्यायचं ठरवलं.

जन्म आणि पहिले दिवस

अशा दोषासाठी म्हणून सिझेरियनच हवं असं नाही. इथे बाळ पायाळू होतं, म्हणून ३८व्या आठवड्यात सिझेरियन झालं. मुलगी, वजन २.९ किलो, लगेच रडली.

पहिला तास कण्यासाठी नव्हता, साखरेसाठी होता. पोटात असताना आईकडून येणाऱ्या साखरेला उत्तर म्हणून बाळाचा स्वादुपिंड जादा इन्सुलिन बनवत असतो. नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो, इन्सुलिन मात्र काही काळ तसंच राहतं. दीड तासाने बाळाची साखर ३६ निघाली. दूध पाजलं, गालाच्या आत ग्लुकोजची जेल लावली, अर्ध्या तासाने पुन्हा मोजली तेव्हा ती ५८ होती. दोष कितीही ठळक असला तरी मधुमेही आईच्या बाळात साखर, कॅल्शियम, रक्ताचा दाटपणा हे आधी पाहायचं. हृदयाचा इकोही झाला, तो नॉर्मल निघाला.

मग तपासणी. पालथं घातल्यावर नितंब सपाट, दोन नितंबांमधली फट आखूड, दोन्ही बाजूंना खळ्या. कमरेखाली बोट फिरवलं की हाडाचा कणा एका ठिकाणी संपतो आणि पुढे मऊ लागतं. मांड्यांपासून पाय वेगाने बारीक होत गेलेले. गुडघ्यामागे कातडीचा पडदा, त्यामुळे गुडघे पुरते सरळ होत नव्हते. पावलं आत वळलेली आणि कडक. गुदद्वार योग्य जागी पण सैल, टिचकी मारल्यावर आवळलं जात नव्हतं. लघवी धारेने न होता थेंबाथेंबाने गळत होती.

पावलाच्या तळव्याला बारीक टोचल्यावर पाऊल हललं नाही. पण चेहरा आक्रसला आणि मुलगी रडली. या दोषात हालचाल जितक्या खालपर्यंत उरते त्यापेक्षा संवेदना बरीच खालपर्यंत टिकते. उघड्या स्पायना बिफिडात दोन्ही बहुधा एकाच पातळीपासून नाहीशी होतात. संवेदना असल्याचा पुढे मोठा फायदा : चटका, जखम, बुटाचा काच मुलाला कळतो.

एक्स-रेमध्ये खुब्याची हाडं कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना टेकलेली दिसली. रेनशॉ यांच्या १९७८च्या वर्गीकरणात हा तिसरा प्रकार. चौथ्यात खुब्याची हाडं एकमेकांना जोडलेली असतात आणि शेवटचा मणका त्यांच्यावर नुसता टेकलेला असतो, तिथे बसणंही डळमळीत होतं. एमआरआयने गर्भातलं निरीक्षण पक्कं केलं : मज्जारज्जू वर संपलेला आणि बोथट. अशा मुलांत नसांची स्थिती बहुधा आहे तशीच राहते. ज्यांचा मज्जारज्जू उलट खूप खालपर्यंत ताणलेला आणि खाली बांधल्यासारखा अडकलेला असतो, त्यांच्यात वाढत्या वयाबरोबर पाय आणखी कमजोर होऊ शकतात आणि तो सोडवायची शस्त्रक्रिया लागू शकते. म्हणजे या मुलीपुढची शस्त्रक्रियांची यादी एका ओळीने लहान झाली.

आधी लघवी

"चालेल ना?" हा प्रश्न दर भेटीत पहिला असतो. समजण्यासारखंच आहे, पाय डोळ्यांना दिसतात. पण या मुलांचं आयुष्य किती आणि कसं जाईल हे मूत्रपिंडांवर ठरतं, आणि मूत्रपिंडांची वाट लावतं ते मूत्राशय.

मूत्राशयाच्या नसा त्रिकास्थीच्या पातळीवरून येतात. त्या अर्धवट असल्या की काहींचं मूत्राशय ढिलं पडतं, काहींचं आखडतं. किती मणके नाहीत यावरून यातलं काय होईल ते सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक मुलाचं मूत्राशय मोजावं लागतं. या मुलीच्या पहिल्या महिन्यातल्या सोनोग्राफीत मूत्रपिंडं ठीक होती, पण लघवी झाल्यावरही मूत्राशयात बरीच उरत होती. तिसऱ्या महिन्यात युरोडायनॅमिक, म्हणजे मूत्राशयातला दाब मोजणारी, तपासणी झाली. लघवी गळायला लागते तेव्हा मूत्राशयातला दाब ४० सेंटिमीटर पाण्याच्या वर असेल तर वरच्या मूत्रपिंडांना धोका असतो. हिचा ५२ होता. एक्स-रेच्या तपासणीत डावीकडे लघवी उलट मूत्रपिंडाकडे चढताना दिसली.

त्या दिवसापासून नळीने लघवी काढणं सुरू झालं. स्वच्छ हातांनी, दर तीन-चार तासांनी बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं. १९७२ साली लॅपिडिस यांनी ही पद्धत मांडली तेव्हा निर्जंतुक न करता नळी घालायची कल्पनाच अनेकांना पटेना. मूत्राशय वेळेवर रिकामं होणं हे नळी पूर्ण निर्जंतुक असण्यापेक्षा महत्त्वाचं ठरलं, आणि या पद्धतीने अशा असंख्य मुलांची मूत्रपिंडं वाचवली. सोबत दाब उतरवायला ऑक्सिब्युटिनिन. नळ्या लॅटेक्स नसलेल्या, कारण लहानपणापासून रोज लॅटेक्सशी संबंध आला तर त्याची ॲलर्जी होते आणि पुढच्या एखाद्या शस्त्रक्रियेत ती जिवावर बेतू शकते. आई पहिल्या आठवड्यात रोज रडत नळी घालायची, असं तिनेच नंतर सांगितलं. वडील मात्र पटकन शिकले, आणि रात्रीची पाळी त्यांच्याकडे गेली.

सहा महिन्यांनी दाब २८वर उतरला होता. बद्धकोष्ठ होऊ न देणं हाही मूत्राशयाच्याच उपचाराचा भाग आहे, कारण भरलेलं गुदाशय मूत्राशयावर दाबतं. त्यासाठी मऊ शौचाचं औषध आणि ठरावीक वेळ.

सौम्य दोषाची मुलं अनेकदा याच वाटेवर उशिरा सापडतात. पाच वर्षांची होऊनही चड्डी ओली, लघवीचा संसर्ग वारंवार, 'आळशी आहे, खेळात विसरते' अशी बोलणी खाल्लेली, आणि मग कुणीतरी कपडे काढून नितंब बघतं, ते सपाट असतात, कमरेचा बाजूने काढलेला एक्स-रे उत्तर देतो. आईला मधुमेह होता का, हा प्रश्न बालरोगतज्ज्ञाने तेव्हाही विचारायला हवा.

पाय

पावलांना पहिल्या महिन्यापासून प्लास्टर लागली. साध्या वाकड्या पावलात सहसा पाच-सहा प्लास्टर पुरतात. इथे पावलं कडक होती, प्लास्टर जास्त लागली आणि तरीही नंतर शस्त्रक्रिया करावी लागली. गुडघ्यामागचा पडदा सरळ करायची शस्त्रक्रिया तूर्त टाळली. पडद्याच्या आत नस आखूड असते, ओढली तर इजा होते, आणि सरळ केलेला गुडघा पुन्हा वाकतो. कण्याला खुब्याशी स्क्रू-सळ्यांनी जोडावं की नाही यावर तज्ज्ञांत एकमत नाही. जोडल्याने बसणं स्थिर होतं, पण कमरेत उरलेली हालचाल जाते, आणि बसून सरकणाऱ्या मुलाला तीच हालचाल कामाची असते. हिच्या बाबतीत वाट पाहायचं ठरलं, पाठीचा वाक दर सहा महिन्यांनी मोजायचा. त्रिकास्थीची गादी नसल्याने बसताना हाडं थेट टेकतात, म्हणून चांगली उशी आणि त्वचेची रोजची पाहणी.

अठराव्या महिन्यात मुलगी दोन्ही हातांवर भार देऊन घरभर फिरू लागली, आणि हवी ती वस्तू मागायला शब्द होते. दुसऱ्या वर्षी कमरेपासून पावलापर्यंतच्या कॅलिपर्सवर, म्हणजे पायांना आधार देणाऱ्या चौकटींवर, उभी राहिली. लांबच्या अंतराला व्हीलचेअर लागेल हे आईवडिलांना आता सांगितलेलं आहे आणि त्यांनी ते स्वीकारलं आहे.

पुढचं गरोदरपण

मुलगी दोन वर्षांची झाल्यावर बाईंनी स्वतःच विषय काढला. या दोषाची घराण्यात पुनरावृत्ती होण्याची शक्यता, आनुवंशिक प्रकार नसेल तर, कमी असते. धोका ठरतो तो त्या वेळच्या साखरेवर. गर्भधारणेच्या सुमाराला एचबीएवनसी ५-६ टक्क्यांच्या आसपास असेल तर मोठ्या जन्मदोषांचं प्रमाण इतर स्त्रियांइतकंच, दोन-तीन टक्के असतं. १०च्या आसपास असेल तर ते २० ते २५ टक्क्यांवर जातं. म्हणून ६.५च्या खाली आणूनच दिवस राहू द्यावेत असं सांगतात, आणि १०च्या वर असेल तर गर्भधारणा टाळाच असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शिका स्पष्ट म्हणते.

तेव्हा आधी गर्भनिरोधक, आणि ते भरवशाचं. बाईंची तांबी ठेवली होती. ग्लिमेपिराइड बंद, इन्सुलिन सुरू, मेटफॉर्मिन चालू. स्टॅटिन बंद. रक्तदाबाचं औषध नव्हतं, असतं तर एसीई इन्हिबिटर बदलावं लागलं असतं. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन तपासलं, कारण दोन्ही गरोदरपणात बिघडू शकतात. फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम, गर्भधारणेआधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत. त्याचा मुख्य फायदा मज्जानलिका न मिटण्याच्या दोषांवर आहे. त्रिकास्थी त्याने वाचते असं कुणी सांगत असेल तर त्याला पुरावा विचारावा.

पहिल्या तपासणीत एचबीएवनसी ७.३ होतं, तीन महिन्यांनी ६.६, आणखी दोन महिन्यांनी ६.२. तेव्हा तांबी काढली. पाळी चुकली त्याच दिवशी फोन करायचा, सहाव्या आठवड्याआधी साखरेची वही दाखवायची, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत कण्याचं खालचं टोक मुद्दाम पाहायचं, असं फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. मुलीची पुढची युरोडायनॅमिक तपासणी याच महिन्यात आहे.